तीस अंश पुढे

पहिल्याच फेरीत काटा पाचाच्या खाली आला, तेव्हा यंत्र बिघडलं असंच मला वाटलं. दुसरं काही वाटणं शक्य नव्हतं. ऐंशीवर हादरणारं चाक एका पट्टीत असं शहाण्यासारखं गप्प बसत नाही. ते आधी चाळिसावर येतं, मग विसावर, मग दहाच्या आसपास, आणि चौथ्या फेरीला कुरकुरत सहाच्या आत शिरतं. सहाच्या आत आलं की चाक पास. बावीस वर्षं मी हेच बघत आलोय. मी काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म. वेल्डरने तोंडावरचा मुखवटा वर करून काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत काट्याकडे. मेल्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच यंत्रात रस वाटला. इंजिनिअर बाई मात्र काट्याकडे बघतही नव्हत्या. त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. काटा कुठे येणार हे त्यांना आधीच माहीत होतं, आणि हे मला काट्यापेक्षा जास्त लागलं.

परवानगी मीच दिली होती, ही त्यातली खरी गंमत. आमच्याकडे कारखान्यांच्या मोठ्या पंख्यांची चाकं येतात, उभ्या माणसाच्या उंचीची. नवं असो की दुरुस्तीचं, चाक एका बाजूला थोडं जड असतंच. फिरलं की हादरतं, आणि हादरलं की वर्षभरात बेअरिंगचा भुगा करतं. आमचं यंत्र चाक फिरवून दोन गोष्टी सांगतं: किती हादरतंय, आणि जड बाजू कोणत्या अंशावर आहे. मग जड बाजूच्या समोर लोखंडाची एक छोटी पट्टी वेल्ड करायची, की दोन्ही बाजू सारख्या. शाळेतल्या पोराला कळेल असं काम आहे, म्हणूनच ते पदवीवाल्यांना जमत नाही. कारण समोर म्हणजे नेमकं समोर नाही. समोर, आणि तिथून फिरण्याच्या दिशेने तीस अंश पुढे. हे तीस अंश कुठल्या पुस्तकात नाहीत. ते माझे आहेत. एक पट्टी लावायची, फिरवायचं, काटा निम्मा. पुन्हा तीस पुढे, पुन्हा निम्मा. चार फेऱ्या. लोखंडाला एकदम सांगून पटत नाही, चारदा सांगावं लागतं, असं मी नव्या लोकांना सांगायचो, आणि ते माना डोलवायचे. वर्कशॉपमध्ये माझं नावच ‘चौथी फेरी’ पडलं होतं. मला ते नाव आवडायचं, हे आता लपवून काय उपयोग. तर आज सकाळी बाई म्हणाल्या, ‘सर, या चाकाला तीस न मिळवता पट्टी लावून बघू का? एकदाच.’ आणि मी वेल्डरकडे बघून डोळा मारला आणि म्हणालो, ‘बघा की. हौस फिटू दे.’

‘योगायोग असेल, सर,’ बाई वही मिटत म्हणाल्या.

असं बोलायला यांना कॉलेजात शिकवतात. उडी मारली असती, हसल्या असत्या, तर मला चार शब्द सुनावता आले असते. सात महिन्यांपूर्वी आल्या तेव्हा मी त्यांना पहिल्याच दिवशी जोखलं होतं. पदवीवाल्यांची जात मला लांबून ओळखू येते. शॉपमध्ये शिरताना हात पाठीमागे बांधतात, कुठे काळं लागू नये म्हणून. बेअरिंगकडे बोट दाखवायचं तर खिशातलं पेन काढतात. चाक किती वेगाने फिरतंय हे विचारतात तेही फिरणाऱ्या चाकाला पाठ करून. दर तीन-चार वर्षांनी एक नवा येतो, सहा महिने माझ्या मागे फिरतो, वहीत माझी वाक्यं उतरवून घेतो आणि एक दिवस वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत जाऊन बसतो. तिथून माझ्याच वाक्यांचे आदेश खाली येतात, शुद्धलेखन सुधारून. अशा सहा जणांना मी वर चढवलंय. सहाही जण दगड होते. त्यातल्या एकाला पाना उलटा धरलेला मी या डोळ्यांनी बघितलाय, आणि आज तो तीन कारखान्यांचा प्रमुख आहे. पण या बाई पेन काढत नाहीत. या गुडघे टेकून चाकाखाली जातात, हात काळे करून येतात आणि हात पुसायच्या आधीच प्रश्न विचारतात. त्यामुळे त्यांचा तिरस्कार करायला मला जास्त कष्ट पडायचे, पण मी ते घेत होतो.

‘योगायोगच,’ मी म्हणालो. ‘असं होतं कधीकधी.’

आणि हे म्हणताना मला आठवलं की असं खरंच झालं होतं. आठ-नऊ वर्षं झाली असतील. अंगात कणकण होती, डोकं जड होतं, आणि पहिल्या फेरीला मी तीस मिळवायला विसरलो. काटा सरळ चारावर. शॉपमध्ये त्या वेळी कुणी नव्हतं, वेल्डर हात धुवायला गेला होता. मी काय केलं? आनंद झाला का? कागद घेऊन विचार करत बसलो का? नाही. मला राग आला. काम झालं होतं, पण नीट झालं नव्हतं. मी पट्टी कापून काढली, घासून जागा साफ केली, आणि ते चाक पहिल्यापासून माझ्या पद्धतीने केलं. चार फेऱ्या, चार पट्ट्या. संध्याकाळी घरी जाताना ताप चढलेला असूनही चांगलं वाटत होतं. बरोबर झालेलं काम मी स्वतःच्या हाताने पुसलं आणि वर स्वतःवर खूश झालो. काचेच्या खोलीतल्या सहा दगडांनाही हे सुचलं नसतं. त्याला माझ्यासारखा अनुभवी माणूस लागतो.

बाई म्हणाल्या, ‘सर, दहा मिनिटं मागच्या आवारात याल? तीनच्या आधी दाखवायचंय काहीतरी.’

तीन वाजता काय होतं ते सगळ्या शॉपला माहीत होतं. कंपनी विकली गेली होती, नवे मालक आले होते, आणि नव्या मालकांनी येताक्षणी करायचं ते केलं होतं: नियम काढला होता. पुढच्या महिन्यापासून चाकाच्या कार्डावर शेवटची सही फक्त पदवीधराची चालेल. चाक मी करायचं, काटा मी बघायचा, आणि सही करायला वरून कुणीतरी उतरणार. बावीस वर्षं ती सही माझी आहे. माझ्याकडे दुसरं काही नाही. भिंतीवर लावायला कागद नाही, नावापुढे अक्षरं नाहीत. ती सही गेली तर मी पट्ट्या लावणारा एक माणूस. मोठे साहेब, म्हणजे आमच्या कारखान्याचे प्रमुख, माझ्यासाठी झगडले होते, किंवा तसं त्यांनी मला पाचसहा वेळा सांगितलं होतं. नियमाला अपवाद करता येतो, पण कारण लागतं. साहेबांनी कारण शोधलं: ‘स्वतः विकसित केलेली विशेष पद्धत’. माझी चार फेऱ्यांची पद्धत लिहून काढायची, छापायची, आणि तिचा जाणकार म्हणून मला सहीचा हक्क द्यायचा. लिहून बाईंनीच काढली होती, माझ्या तोंडून ऐकून, तीन आठवडे बसून. आज तीन वाजता मुख्य कार्यालयाचा तपासनीस ती वाचून अपवादाच्या पत्रावर सही करणार होता.

मागच्या आवारात दुरुस्तीला परत आलेली जुनी चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली असतात. बाईंनी खडूने त्यांच्यावर खुणा केल्या होत्या. माझी चाकं कुठेही ओळखू येतात. चार पट्ट्या, पहिली मोठी, दुसरी तिच्या निम्मी, तिसरी तिच्या निम्मी, चौथी बोटाच्या पेराएवढी. परगावचे फिटर सुद्धा चाक बघून म्हणतात, हे त्यांचं काम. मी कित्येकदा एकटाच इथे येऊन त्यांच्याकडे बघत उभा राहिलोय.

‘हे नऊ वर्षांपूर्वीचं,’ बाई म्हणाल्या. ‘हे चौदा. ते कोपऱ्यातलं मागच्या वर्षीचं. मी सगळी मोजली, सर. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपासून पंचाहत्तर अंश मागे. प्रत्येक चाकावर. एक-दोन अंशांचा फरक.’

‘त्याला शिस्त म्हणतात.’

‘हो, पण चाकं वेगवेगळी आहेत ना? एक इथे जड, दुसरं तिथे जड. त्यांच्या चुका एकसारख्या कशा असतील? एकसारखं काहीतरी आपल्याकडूनच जात असणार.’ आपल्याकडून, म्हणाल्या. सात महिने झालेत, आणि बावीस वर्षांच्या चुकीत अर्धा वाटा घ्यायला तयार. ‘मी करून बघितलं कागदावर. दर वेळी तीस अंशांनी चुकलं तर जवळजवळ निम्मं हादरणं उरतं. आणि पुढची पट्टी बरोबर पंचाहत्तर मागे जाते. तीस कुठून आले, सर?’

मी तोंड उघडलं. लोखंडाचा स्वभाव आहे, एवढंच म्हणायचं होतं, हजारदा म्हटलेलं वाक्य. आणि ते वाक्य यायच्या जागी मला काम शिकवणाऱ्या मिस्त्रींचं जुनं यंत्र डोळ्यांपुढे आलं. मी कामाला लागलो तेव्हा इथे आकडे दाखवणारं यंत्र नव्हतं. एक दिवा होता. चाक फिरताना दर वळणाला लुकलुकायचा आणि त्याच्या उजेडात चाकावरची खूण थांबल्यासारखी दिसायची. ती जिथे दिसेल तिथे जड बाजू. मिस्त्री बिडी बाजूला धरून म्हणायचे, ‘या दिव्याला उशिरा कळतं. तो दाखवील त्याच्या तीस अंश पुढे जा.’ या दिव्याला. आम्ही पुढे जायचो आणि दोन फेऱ्यांत, कधी एकाच फेरीत चाक शांत व्हायचं. दोन फेऱ्यांत! हे मी इतकी वर्षं कुठे पुरून ठेवलं होतं? मग दिवा भंगारात गेला, नवं यंत्र आलं, त्याच महिन्यात मिस्त्री निवृत्त झाले, आणि मी नव्या यंत्रावर पहिल्याच दिवशी तीस पुढे गेलो. काटा निम्मा झाला. मला वाटलं, बघा, यंत्र बदललं तरी विद्या तीच. मिस्त्रींनी दिव्याची खोड सांगितली होती. मी ती लोखंडाचा स्वभाव समजून बसलो. नव्या यंत्राबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं. ते मी उघडलं नाही. पुस्तकं कोण वाचतं ते मला माहीत होतं.

‘आधीच्या यंत्राचं असेल,’ बाई हळूच म्हणाल्या. मी काही बोललो नव्हतो. चेहऱ्यावर दिसलं असावं.

‘असेल.’

‘मी तीन वाजता काही बोलणार नाही, सर. आधी तुमच्या पत्रावर सही होऊ दे. मग आपण हळूहळू बदलू. कुणाला कळणारही नाही.’

दया. मला अपमान पचतो, मी अपमानावरच वाढलोय, पण ही दया गळ्याखाली उतरेना. मी खडूची एक खूण बोटाने पुसली, उगीच, आणि जेवायला गेलो.

डबा उघडला आणि बायकोचा फोन आला. ‘अहो, निळाच शर्ट घातलाय ना? चहा सांडू नका त्याच्यावर तीनच्या आधी.’ मी हो म्हणालो. ‘दादा येतोय संध्याकाळी. सांगितलंय मी त्याला.’

‘कशाला सांगितलंस?’

‘का नको? वीस वर्षं ऐकून घेतलंय मी त्याचं. आज त्याने ऐकावं.’

दादा म्हणजे माझा मेहुणा. त्याने पदवी चौकटीत घालून दिवाणखान्यात लावली आहे, चपलांच्या कपाटाच्या वर, म्हणजे आत येणाऱ्याने वाकून बूट काढले की मान आपोआप तिच्यापुढे झुकते. त्या पदवीच्या जोरावर तो एका कार्यालयात बसून एकाने काढलेले नकाशे दुसऱ्याला पाठवतो. घरातला दिवा गेला की मला फोन करतो. मी स्टुलावर चढलेला असतो आणि तो खालून पाहुण्यांना सांगतो, ‘यांचं आपलं प्रॅक्टिकल नॉलेज हं!’ त्या ‘आपलं’मध्ये त्याने मला वीस वर्षं बसवून ठेवलंय. मी त्याला मनातल्या मनात गाढव म्हणत आलो. आणि त्याच्याबरोबर सगळ्यांना. ज्याच्या नावापुढे अक्षरं त्याला आधी गाढव म्हणायचं, मग वाटल्यास ओळख करून घ्यायची. याचा एक फायदा असतो. ते जे काही म्हणतील ते ऐकावं लागत नाही.

मीही कॉलेजात होतो. लोकांना मी सांगतो की सोडलं. त्या भिंतींत मन रमेना, हाताला काम हवं होतं, दुसऱ्या वर्षी दिलं सोडून. वर्षानुवर्षं हे इतक्या ठसक्यात सांगितलंय की बायकोलाही हेच माहीत आहे. काही उमेदवार पोरं तर हे ऐकून माझ्याकडे भारावून बघतात. मी सोडलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी गणितात नापास झालो, पुन्हा बसलो, पुन्हा नापास झालो, आणि तिसऱ्यांदा फॉर्म भरायची मुदत मी बाकावर बसून जाऊ दिली. कोनांचा धडा होता. अजून आठवतो. परीक्षेच्या खोलीत पंखा होता, तो खडखडत होता, आणि उत्तरपत्रिकेवर एक वर्तुळ काढून मी त्याच्याकडे बघत बसलो होतो. बाकीची पोरं भराभर लिहीत होती. त्यांच्यात विशेष काही नव्हतं, एकाच्या नाकातून पाणी गळत होतं, पण त्यांना ते वर्तुळ काय म्हणतंय ते कळत होतं आणि मला कळत नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं की त्यात कळण्यासारखं काही नसतंच. एवढ्या एका निश्चयावर मी अख्खं आयुष्य उभं केलं. आज चार पोळ्यांचा डबा पुढे ठेवून मी हिशेब करायला बसलो, किती चाकं, प्रत्येकी तीन फुकटच्या फेऱ्या, तीन फुकटच्या पट्ट्या, आणि मग सोडून दिला. गणित माझं कच्चंच आहे.

तीनला वरच्या मजल्यावर गेलो. काचेच्या खोलीत मोठे साहेब, तपासनीस आणि कोपऱ्यात छापील मसुदा मांडीवर घेऊन बाई. तपासनीसाच्या नावापुढे इतकी अक्षरं होती की साहेबांनी ओळख करून देताना मध्ये श्वास घेतला. गोरागोमटा, हसरा, हात मऊ. मी त्याला बघताक्षणी गाढव म्हणालो, सवयीने, आणि मग मनाशी म्हटलं, थांब, आज जपून. हा एक तरी खरा निघायचा. हा वाचेल आणि विचारेल, तीस का? विचारावंच त्याने. सगळा अभ्यास कशासाठी केला बेट्याने?

‘अप्रतिम,’ तपासनीस मसुदा मिटत म्हणाला. ‘एकच विचारतो. हे तीस अंश. हे का?’

मी खुर्चीत पुढे सरकलो. पण साहेबांनी मला बोलूच दिलं नाही. ‘अनुभव!’ ते म्हणाले, आणि हात असा पसरला की त्यात माझी बावीस वर्षं, शॉप, आवार, सगळं यावं.

‘बस,’ तपासनीस म्हणाला. ‘हेच हवंय. हेच हरवत चाललंय हल्ली. पुस्तकात सापडतं का हे? नाही सापडत.’ आणि त्याने पेनाने मसुद्यावर स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आणि मोठ्याने वाचली, ‘किमान चार फेऱ्या बंधनकारक. कसं? आपल्या सगळ्याच कारखान्यांत लावू या.’

सगळ्या कारखान्यांत. मला समोर दिसली ती चाकं, ओळीने, जिथे जिथे या कंपनीची पाटी आहे तिथे तिथे, चार चार पट्ट्या घेऊन फिरणारी. तीन कारखान्यांचा तो पाना उलटा धरणारा प्रमुख माझी पद्धत घोकून घेतोय. आणि हे दोघे माझ्याकडे बघत होते, कौतुकाने, डोळे ओले व्हायचेच बाकी. आयुष्यभर मला हे हवं होतं. पदवीवाल्यांनी मान तुकवावी, विचारू नये, मानावं. आता ते मानत होते, आणि मला किळस आली. खोटं बोलायला माझी ना नव्हती. दुपारभर मी त्याचीच तयारी केली होती. पण असल्या माणसांनी मला बरोबर ठरवायचं? ज्यांना हे पटलं त्यांच्यासमोर बरोबर असण्यात काय अर्थ होता?

‘तीस अंश चूक आहेत,’ मी म्हणालो.

साहेब हसले. ‘हे असेच. स्वतःचं श्रेय म्हणून घेणार नाहीत.’

‘श्रेय नाही, साहेब, चूक. जुन्या यंत्राचा दिवा उशिरा लागायचा, त्यासाठी ते तीस होते. दिवा भंगारात गेला. मी मिळवतच राहिलो.’

‘म्हणजे पद्धतीला इतिहासही आहे!’ तपासनीस खूश झाला. ‘हे प्रस्तावनेत घ्या.’

‘अहो, काम एका फेरीत होतं. आज सकाळी झालं. बाईंनी केलं.’

आता दोघांनी कोपऱ्याकडे बघितलं. ‘मॅडम, किती वर्षं झाली तुम्हाला इथे?’ तपासनीसाने विचारलं. बाई म्हणाल्या, सात महिने. तो समजूतदारपणे हसला. ‘एका चाकावरून काही ठरत नसतं. शिकाल.’

बाई गप्प बसल्या. सगळं त्यांना माहीत होतं, आवारातली मोजलेली चाकं, कागदावरचं गणित, आणि त्या खाली मान घालून शिकाऊ ठरल्या, मला दिलेला शब्द पाळायला. मी उठलो, टेबलावरचा मसुदा ओढला, साहेबांचं पेन घेतलं आणि तीस अंशांची ओळ खोडली. मग किमान चार फेऱ्यांची ओळ खोडली. पेन कागदात जरा रुतलं.

मग साहेब हसणं आवरून हळू आवाजात म्हणाले, ‘काय करताय कळतंय का? अपवाद पद्धतीसाठी आहे. पद्धतच नाही म्हटल्यावर कारण काय लिहू मी? वरच्यांना सांगू, माणूस चांगला आहे म्हणून?’

‘नका लिहू काही.’

‘घरी विचारा आधी. आठवडाभराने बसू पुन्हा.’

‘शिवाय,’ तपासनीस म्हणाला, आणि आता तो कोरडा झाला होता, पहिल्यांदाच कामाचा माणूस वाटला, ‘तुम्हाला हे खोडता येत नाही. मसुद्यात तांत्रिक बदल करायचा तर पदवीधर अभियंत्याची सही लागते. तुमच्या हाताने खोडलेलं धरताच येणार नाही.’

मला हसू आलं, खरंच आलं, साहेब दचकले. चूक मी बावीस वर्षं केली तेव्हा कुणी पदवीचा कागद मागितला नाही. ती छापायलाही लागला नाही. ती सुधारायला लागत होता. मी मसुदा टेबलावरून बाईंकडे सरकवला आणि पेन वर ठेवलं. त्यांनी हात लावला नाही.

‘सर, नको,’ त्या म्हणाल्या. ‘याच्यावर मी सही केली तर तुमची…’

‘माहीत आहे.’

‘नंतर करू. आपलं ठरलं होतं.’

‘तुमचं ठरलं होतं. सही करा,’ मी म्हणालो. ‘कॉलेजात चार वर्षं त्याचसाठी घातलीत ना?’

मला ते तुच्छतेनेच म्हणायचं होतं. आवाजही तसाच लागला. दुसरा आवाज मला येत नाही. बाईंचा चेहरा एकदम लाल झाला. त्यांनी पेन उचललं, खोडलेल्या दोन्ही ओळींशेजारी सही केली, लहान, सरळ अक्षरांत, आणि खाली तारीख घातली. तपासनीसाने ती बघितली आणि मान हलवली, त्याच्या दृष्टीने आता सगळं ठीक होतं. साहेबांनी अपवादाचं पत्र फाईलमध्ये परत घातलं आणि फाईलची दोरी बांधायला लागले. त्यांना गाठ जमत नव्हती.

जिन्यात बाई मागून धावत आल्या. माझ्या दोन पायऱ्या वर थांबल्या, मग खाली उतरून बरोबरीने उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं, त्याचा मला राग आला.

‘सर, पहिल्या तारखेपासून कार्डावर मला सही करावी लागेल,’ त्या म्हणाल्या. ‘प्रत्येक चाक आधी तुम्ही बघाल ना?’

‘कशाला?’ मी म्हणालो. ‘एका फेरीत होतं.’